चाळीस ओळींचं पॅकेज

३ मार्च, सोमवार

बायकोने ही वही हातात ठेवली आणि म्हणाली, नवी नोकरी, नवं गाव, तर एखादी नवी सवयही लाव. मी लगेच हो म्हटलं. वही घेऊन खिडकीत बसलेल्या माणसाला कुणी खोके उचलायला सांगत नाही.

घर झकास आहे. दुसरा मजला, तीन खोल्या, स्वयंपाकघराला ऐसपैस खिडकी. भिंगरी म्हणजे आमची सात वर्षांची कन्या. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव. तिने धावत धावत सगळं घर मोजलं आणि न्हाणीघर आणि माळा धरून पाच खोल्या निघतात असं जाहीर केलं. सासरे बरोबर आलेत. येणारच होते, बायकोचं सामान म्हटलं की त्यात तेही आले. पूर्वी ते घड्याळं दुरुस्त करायचे, आता माझ्या खुर्चीत बसतात. हमालांनी कपाटाचा पाय मोडला तो त्यांनी पंधरा मिनिटांत बसवून दिला, हे मात्र कबूल करायला हवं.

उद्या कामाचा पहिला दिवस. भिंगरीने माझ्या बुटांना स्वतः पॉलिश केलं. मोज्यांनाही लागलंय. मी तेच मोजे घालून जाणार आहे.

४ मार्च, मंगळवार

कचेरी तिसऱ्या मजल्यावर. लांबट दालन, बारा टेबलं आणि माणसं सात. आम्ही एका ऑपरेटिंग सिस्टिमचा पॅकेज-संग्रह सांभाळतो. पॅकेज म्हणजे एखादा प्रोग्रॅम किंवा त्याला लागणारं सामान आणि वर एक चिठ्ठी. याचं नाव काय, सांभाळतो कोण, कुठल्या मशीनवर चालतं, एवढं त्या चिठ्ठीवर असतं.

मशीनच्या प्रोसेसरची घडण एकसारखी नसते. एका घडणीसाठी बनवलेलं दुसरीवर चालत नाही, म्हणून बरीच पॅकेजं प्रत्येक घडणीसाठी वेगळी बनवावी लागतात. पण काहींमध्ये यंत्राशी संबंध येईल असं काही नसतंच. अक्षरांचे साचे, शब्दकोश, चित्रं, आवाज, मदतीची पानं. ती एकदा बनवली की कुठेही चालतात. त्यांच्या चिठ्ठीवर 'घडण' या रकान्यात एकच शब्द लिहायचा: सर्व. हा 'सर्व'चा विभाग माझ्याकडे आलाय. चारशे बारा पॅकेजं, आणि काम म्हणाल तर निवांत.

शेजारच्या टेबलावर चाचणीवाली बसते. दोन मुलांची आई, आवाज खणखणीत, डबा उघडला की आधी सगळ्यांना देते. आम्ही काढलेली प्रत्येक नवी आवृत्ती तिच्याकडे तीन दिवस थांबते. तिने हरकत घेतली नाही तर जगभर जाते. माझ्या आधी या खुर्चीवर जे गृहस्थ होते त्यांना सगळे नुसतं 'आधीचे' म्हणतात. भरल्या घरातले होते म्हणे, आता एकटेच राहतात. का सोडून गेले ते मी विचारलं नाही. मला खुर्ची मिळाली, पुरे.

७ मार्च, शुक्रवार

इथली एक पद्धत मला फार आवडली. कुणाची तक्रार आली की तसं आपल्या मशीनवर होतं का ते पाहायचं. नाही झालं तर 'माझ्याकडे असं होत नाही' एवढं लिहायचं आणि तक्रार बंद. या आठवड्यात मी बावन्न बंद केल्या. एका बाईने तीन पानं लिहिली होती, तिलाही तेवढंच उत्तर.

सासऱ्यांना हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे लोक रडतात आणि तुम्ही सांगता मला काही रडू येत नाही. बायको हसली. मीही हसलो, पण भिंगरीसमोर बोलायला नको होतं. या माणसाच्या जिभेला अजून तेल लागतं घड्याळासारखं.

१० मार्च, सोमवार

आज हात साफ करून घेतला. आमच्याकडे एक तपासनीस प्रोग्रॅम आहे, तो सगळी पॅकेजं चाळून चुका दाखवतो. माझ्या विभागात ढकलून दिलेलं एक जुनंपुराणं पॅकेज त्याला सारखं खटकत होतं. नाव 'यादी', वर्णनही 'यादी'. आत एकच फाईल आणि तिच्यात चाळीस ओळी. घडणीच्या रकान्यात मात्र 'सर्व' नाही. तिथे तीन अक्षरांचं कसलं तरी नाव. मी शोधलं, असल्या घडणीचा प्रोसेसर जगात कुठे नाही. तपासनीसाचं म्हणणं असं की आत यंत्राला धरून काहीही नाही, मग एकाच घडणीला का बांधलंय?

बरोबरच आहे त्याचं. मी ओळी वाचल्यासुद्धा नाहीत. रकान्यातलं नाव खोडून 'सर्व' लिहिलं, आवृत्ती वाढवली, पुढे पाठवलं. दोन मिनिटांचं काम. आधीच्यांना ते इतकी वर्षं जमलं नव्हतं.

चाचणीवाली जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, त्याला हात लावू नका असं आधीचे बजावून गेलेत, निदान त्याची बदलनोंद तरी वाचा. बदलनोंद म्हणजे आजवर कुणी काय बदललं त्याची टिपणं. ती कोण वाचतो? मी म्हटलं, हरकत असेल तर लेखी द्या. लेखी द्यायला तिच्याकडे कारण नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार

तेरा तारखेला 'यादी' जगभर गेली. आज तिच्यावर अकरा तक्रारी. अकराही विचित्र. तक्रारीच्या अर्जात 'मशीन कोणतं' असा रकाना असतो, त्यात एकाने लिहिलंय: आई, वय एकसष्ट. आणि खाली: प्रत्येक घासाला वरून मीठ घालते आहे, तरी अळणी म्हणते. दुसऱ्यात: मी स्वतः, वय तीस, गाडीचालक. मिठाची चव गेली.

थट्टेखोर लोक. मीही थट्टेने घेतलं. आईच्या तक्रारीवर लिहिलं, माझ्याकडे असं होत नाही, मशीन जुनं झालं असेल, बदलून पाहा. शेजारचे दोघे पोट धरून हसले.

२१ मार्च, शुक्रवार

माझ्याकडे होतंय.

सकाळी बायको म्हणाली, आज मीठ विसरले का मी? सासरे म्हणाले, परवापासून विसरते आहेस. भिंगरीने चिमूटभर मीठ नुसतंच जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, वाळू आहे. मग मीही ठेवलं. वाळूच.

कचेरीत जाऊन पहिल्यांदा ती फाईल उघडली. पहिली ओळ: मिठाची चव. दुसरी: डावं-उजवं. तिसरी: गरम-थंड. चौथी: गाठ बांधणं. नववी: आपलं नाव. अकरावी: हसू. एकोणिसावी: आपल्या माणसांचे चेहरे. तेविसावी: लिहिणं. एकतिसावी: गिळणं. चाळिसावी: श्वास.

तक्रारींच्या तारखा लावून पाहिल्या. चार-पाच दिवसांना एक ओळ, असा हिशेब बसतो.

२४ मार्च, सोमवार

दुसरी ओळ. चौकात गाड्या एकमेकींवर चढल्यात. कुठल्या बाजूने जायचं ते कुणालाच कळत नाही. भिंगरी बूट उलटसुलट घालून शाळेत गेली. तिच्या सगळ्या वर्गाने तसेच घातले होते, त्यामुळे तिला गंमत वाटली.

आज दोनशे तक्रारी. पॅकेज काढून टाकावं म्हणून नियम चाळले. काढलं तर पुढे जाणं थांबतं, पण जिथे बसलंय तिथून ते निघत नाही आणि मग त्याला हात लावायचा अधिकारही कुणाकडे उरत नाही. म्हणून फाईल रिकामी करून पुन्हा बनवली. बनून आली तेव्हा चाळीस ओळी होत्या. पाच वेळा केलं. चाळीसच.

एक यादी माणसांना कशी लागू पडते ते मला माहीत नाही. ती घडणीला धरून नाही, एवढं मात्र मीच सही करून सांगितलंय.

२७ मार्च, गुरुवार

भिंगरी भाजली. दूध उकळत होतं आणि साय हवी म्हणून तिने पातेल्यात हात घातला, मनगटापर्यंत. हसत साय चाटत बाहेर आली, त्वचा सोलून लोंबत होती. तिला काही कळलंच नाही. किंचाळलो ते आम्ही.

डॉक्टरांनी पट्टी बांधली. दवाखान्यात रांग होती, सगळे भाजलेले, सगळे शांत. भिंगरीने मला विचारलं की बाबा तुम्ही का रडताय. मी ओळ क्रमांक तीन असं सांगणार होतो. तिला उराशी धरून बसलो. या पोरीच्या नखाची सर माझ्या लेखी साऱ्या जगाला नाही, हे आजवर लिहिलं नव्हतं, आज लिहून ठेवतो.

२८ मार्च, शुक्रवार

बदलनोंद वाचली. आठ जणांच्या आठ नोंदी. सगळ्यात जुनी म्हणते: 'सर्व' असताना सर्वांना होतं. एका घडणीला बांधलं की बाकीचे सुटतात. रकान्यात आपल्या घरातलं माणूस लिहावं लागतं. ज्या घडणीची चाचणी आपण स्वतः घेऊ शकतो तीच लिहायची, हा आमचा जुनाच नियम.

खाली एकामागून एक:

घडण: सासू. मी ठीक.
घडण: थोरली भावजय. मी ठीक.
घडण: मामी. मी ठीक.

शेवटची आधीच्यांची. ती तीन अक्षरं म्हणजे बायकोचं नाव. मी ठीक.

सगळं लख्ख दिसलं. एका माणसाला बांधायचं, तो गेला की पॅकेज निजतं. आधीच्यांची बायको गेली आणि ते निजलं, मी येऊन उठवेपर्यंत. म्हणजे उपाय आहे. माणूस तेवढं निवडायचं आहे.

मला विचार करायला फार वेळ लागला असं मी खोटं लिहिणार नाही. वय एक्क्याऐंशी, आयुष्य जगून झालेलं, दिवसभर माझ्या खुर्चीत. मी रकान्यात 'सासरे' असं लिहिलं. मशीनने कुरकुरदेखील केली नाही. सोमवारी लागू होईल.

३० मार्च, रविवार

मी त्यांच्याशी फार गोड वागतोय. खुर्ची दिली, वर्तमानपत्र आधी त्यांना दिलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, जावईबापू, काही हवंय का? मी म्हटलं, छे हो.

दुपारी ते एक जुनं घड्याळ उघडून भिंगरीला त्यातली चाकं दाखवत होते. ती पट्टी बांधलेला हात पाठीमागे धरून दुसऱ्या हाताने चिमट्यात चाक पकडायला शिकत होती. बोटं अगदी आजोबांची, बायको म्हणाली. मला ते ऐकून बरं वाटलं. कसा गाढव असतो माणूस.

३१ मार्च, सोमवार

लागू झालं. रजा काढून घरी बसलो, चाचणी घ्यायला. एकाच घडणीला बांधल्यावर वेग जबर आहे. सव्वानऊला लेंग्याची नाडी बांधता येईना. बोटं, ती बोटं, नाडीची टोकं धरून नुसती बघत राहिली. अकराला आकडे गेले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्यांनी विचारलं हे काय टांगलंय. दोनला जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून पुढचं पाऊल कसं टाकायचं ते आठवेना, मी हात दिला. सगळं वेळेसकट टिपून ठेवलं. माझी चौथी ओळ आली नाही. तीन गेल्या त्या परत आल्या नाहीत, पण चौथी आली नाही. मी शीळ घालत होतो.

साडेतीनला भिंगरी शाळेतून आली. बुटांचे बंद लोंबत होते. म्हणाली, दिवसभर कुणीतरी दुसरं बांधून देत होतं. शेजारची मुलगी. शेजारच्या मुलीला येतंय.

मग स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं की अर्धा डझन म्हणजे किती.

घडण म्हणजे एक मशीन नव्हे. त्या घडणीची झाडून सगळी मशीनं. हे मी चार मार्चला याच वहीत शहाण्यासारखं लिहिलं, हेच काम मी पंधरा वर्षं करतोय — सासरे, त्यांची मुलगी, मुलीची मुलगी. एकच घडण. त्या घरात परका असा मीच.

आठ नोंदी पुन्हा वाचल्या. प्रत्येकाने 'मी ठीक' लिहिलंय. 'आम्ही' असं एकानेही लिहिलेलं नाही.

१ एप्रिल, मंगळवार

नववी ओळ सकाळीच. भिंगरी म्हणून हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. खरं नावही घेतलं. खेळत राहिली.

कचेरीत धावलो. कुठलं नाव लिहू? माझं? ती माझीही आहे, निम्मी. माझ्या घडणीला बांधलं तरी तीच मरते, वर मीही. बायकोचं लिहून तेच. घरात चौथं कुणी नाही. असं एकही नाव नाही की ज्यात भिंगरी नाही.

'सर्व' मात्र आहे. 'सर्व' असताना चार-पाच दिवसांना एक ओळ. या वेगाने तिच्याकडे आठवडाही नाही. 'सर्व' केलं तर तीन महिने. तीन महिन्यांत काहीतरी सुचेल. जगाने घ्यावं वाटून. माझी पोरगी एकटी का उचलेल?

लिहिलं. पाठवलं. तीन दिवस थांबायचं. शुक्रवारी अकरा वाजता.

घरी आलो तर बायकोच्या हातात माझी टिपणं, वेळेसकट. माझ्या वडिलांना लिहिलंस आणि मी कुणाची आहे असं तुला वाटलं, एवढंच विचारलं. मग भिंगरीला आत घेऊन दार लावलं. अकरावी ओळ आतच गेली असावी. आत काहीतरी खेळ चालला होता, पण हसू कुणाचंच ऐकू आलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

चाचणीवालीने विचारलं, 'यादी'ची नवी आवृत्ती कसली. तिच्या मुलांची चौथी ओळ आली नव्हती, सोमवारपासून ती सुटकेचा निःश्वास टाकत होती. मी सांगितलं, आता माझ्या स्वतःच्या घडणीला बांधलंय, सासऱ्यांचे हाल बघवले नाहीत. तिने माझे दोन्ही हात धरले. डोळे भरून आले तिचे.

मग तिला आठवलं, घडण म्हणजे रक्ताचं सगळं गोत, हे मीच काल तिला सांगितलं होतं. दिसलं मला, तिच्या चेहऱ्यावर दिसलं. माझ्या घडणीत मुलगी आहे. तिने हात सोडले, खाली पाहिलं, आणि आवृत्ती पुढे जाऊ दिली. उघडूनही पाहिली नाही. आपल्या दोघांसाठी माझी एक तिने मनातल्या मनात देऊन टाकली. बरं झालं. मला आता तिचं काही वाटत नाही. तिच्या मुलांचंही नाही.

घरी बायकोने पाणी आणून दिलं, शेजारी बसली. कालचं सगळं तिला आठवतंय, पण चौदावी ओळ: राग. सोयीचंच म्हणायचं.

सासरे जिन्याच्या तोंडाशी बसून आहेत. मी उठवायला गेलो नाही.

३ एप्रिल, गुरुवार

एकोणिसावी.

दार उघडलं तर भिंगरी मला बघून मागे सरली. उचलायला गेलो तर ओरडली, परक्या माणसाने पकडल्यावर ओरडावं तशी, चावली. पिशवीतून खाऊ काढला. घेतला आणि कोपऱ्यात जाऊन पाठ करून खाल्ला. आईच्या कुशीत जाईल म्हणावं तर आई कोण — दोघी एकमेकींकडे बसथांब्यावरच्या बायकांसारख्या बघतात.

विसावी: रडणं. तेही गेलं. एकविसावी, बाविसावी. आता उद्या दुपारी तेवीस. परवा-तेरवा एकतीस.

उद्या अकरा वाजता. फक्त उद्या अकरापर्यंत. मग वेग मंदावेल. मला ती ओळखत नसली तरी चालेल, मी तिला ओळखतो. मी तिला रोज सांगेन, मी बाबा, तू भिंगरी. रोज नव्याने सांगेन. मला कंटाळा येणार नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

अकरा वाजले. आवृत्ती गेली.

तेविसावी तिला आली नाही. पेन्सिल दिली, तिने रेघ ओढली! ओढते आहे. वेग थांबला. देवा. बाहेर रस्त्यावर कुणीतरी ओरडतंय, ओरडू दे. मी ओट्याशी बसून तिला

लेंगा सुटला. गाठ — ठीक आहे, चौथी, माझी राहिलेलीच होती. आता चार-पाच दिवस

घड्याळात किती ते

थांब. थांब. हे असं कसं. पाठोपाठ. — अपडेट. बंद पडून राहिलेलं मशीन पुन्हा जोडलं की राहून गेलेलं सगळं एकदम येतं, पुढे गेलेल्यांच्या बरोबरीला आणतं. जुन्या नोकरीत लोकांना मी रोज हेच सांगत होतो. रोज. मला मागच्या ओळींवरून थेट भिंगरीच्या ओळीवर — सगळ्यांना, सगळ्यांनाच, आजच दुपारी —

माझं नाव लिहायला घेतलं. आलं नाही. राहू दे. तिचं लिहितो. भिंगरी भिंगरी भिंगरी भिंगरी. माझी. चेहरा गोल, भुवई पातळ, पुढचा दात पडलाय. माझी मुलगी. लिहून ठेवतो म्हणजे नंतर वाचून — चेहरे जायच्या आत — हनुवटीवर तीळ, नाही, तीळ आईच्या, हिच्या

घराबाहेर जायचं होतं. कशाला?

वार माहीत नाही

खिडकीत ऊन आहे. खाली रस्त्यावर पुष्कळ माणसं उभी आहेत. कुणी कुठे जात नाही.

घरात एक म्हातारा आहे, एक बाई आहे. मला माहीत नाहीत. शांत आहेत. त्रास देत नाहीत.

एक लहान मुलगीही आहे. कागदावर रेघा ओढते आहे. कुणाची तरी चुकून इथे राहिलेली दिसते. वहीत पाहिलं, माझ्याच अक्षरात एका मुलीबद्दल बरंच लिहिलंय, फार जीव होता म्हणे तिच्यावर. ती मुलगी कुठे गेली कुणास ठाऊक. तिच्या बापाचं काय झालं असेल.

ही माझ्या पायाला टेकून बसली. सरकवली, पुन्हा टेकली. हिला असं ठेवून घेणं बरं नव्हे. घरचे शोधत असतील. दारापाशी नेऊन बसवतो, म्हणजे जाणारं येणारं कुणी ओळखून तिला